पाठमोऱ्या गायकेबाई

गायकेबाई गेल्याचं गेल्या महिन्यात कळलं. शेवटचं वर्षभर त्या वैजापूरला भाच्याकडे राहायला होत्या, तिथेच गेल्या. बातमी ऐकून वंदना, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तुम्ही त्यांच्यावर लिहा. जन्मभर पोरांना राजेरजवाडे शिकवलेत, एका साध्या बाईवर दोन पानं लिहायला काय जातं तुमचं?" मी दोन पानं लिहिली आणि तिला वाचून दाखवली. ती दोनदा हसली, एके ठिकाणी डोळे पुसले, आणि "छान झालंय" म्हणून भाजी टाकायला गेली. त्या दोन पानांत गायकेबाई म्हणजे लोकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून देणाऱ्या एक हौशी, तऱ्हेवाईक म्हाताऱ्या आहेत. ते खोटं नाही. पण जे त्यात घालता आलं नाही ते इथे लिहितो आहे. ही पानं वंदनाला दाखवायची नाहीत.

इंदुमती गायके हे त्यांचं पूर्ण नाव लाइटबिलाशिवाय कुठे दिसत नसे. सिडकोत एन-नाईनमध्ये त्यांचं छोटं रो-हाऊस होतं. पुढे शहाबादी फरशीचं अंगण, त्यात पाण्याचे दोन निळे ड्रम, आणि आत एका टेबलावर कॉम्प्युटर. बाई बुटक्या, सावळ्या. केस इतके घट्ट ओढून अंबाडा घालायच्या की कानावर एक बट यायची नाही. उभी नोकरी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केलेली. पुढे ऑपरेटरची गरज संपली तेव्हा त्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं, तिथे लिनक्सची गोडी लागली आणि निवृत्त झाल्यावर तेच व्यसन झालं. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. भिंतीवर नवऱ्याचा एक फोटो होता. त्याच्याविषयी कुणी विचारायचं नाही आणि बाई सांगायच्या नाहीत.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो रागातच. माझा लॅपटॉप इतका मंद झाला होता की तो सुरू करून चहा टाकला तर चहा आधी व्हायचा. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. नवीन घ्या म्हटलं की माझं डोकं सरकतं. शेजारच्यांनी गायकेबाईंचा पत्ता दिला आणि वर सांगितलं, "त्या सांगतील तसं बसायचं. उलट विचारायचं नाही." ही अट मास्तर माणसाला घालण्यासारखी नव्हती, पण गेलो.

भर दुपार होती. बाई खिडकीकडे तोंड करून पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात मेथीची जुडी. माझ्याकडे पाठ.

"बसा सर. खुर्चीवर बसा, लॅपटॉप टेबलावर ठेवा. तो डबा घ्या."

डबा म्हणजे स्टीलचा मिसळणाचा डबा. आत हळद, तिखट, मोहरीच्या जागी प्रत्येक वाटीत एकेक पेनड्राइव्ह.

"आत चालणारं लिनक्स सगळ्यांत तेच हाय," बाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "बैठक तेवढी निराळी. कुणाला लोड-तक्के लागत्यात, कुणाला नुसती सतरंजी. एकेक लावा, दहा-दहा मिनिटं वापरून बघा. कुठली बैठक आपली हाय ते कळंल."

"यांची नावं काय?"

"नावं नंतर. नाव कळलं की माणूस नावाकडंच बघत बसतो."

त्या बैठकांची नावं मला नंतर कळली. नोम, केडीई, सिनॅमन, माते, एक्सएफसीई. पण त्या दिवशी मला एवढंच दिसलं की पहिला, नोमचा, पेनड्राइव्ह लावला तेव्हा पडद्यावर काहीच नव्हतं. एक चित्र, वर एक बारीक काळी पट्टी, बास. मी चिडून खटाखट बटणं दाबली. दुसऱ्यात, म्हणजे केडीईत, इतकं काही होतं की लग्नघरात शिरल्यासारखं झालं. तिसऱ्यात खाली सरळ पट्टी होती, डाव्या कोपऱ्यात यादी होती, जे हवं ते जिथल्या तिथे. मी निवांत फायली उघडायला लागलो.

"हीच तुमची," बाई म्हणाल्या. त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. "तुम्ही प्रत्येक गोष्ट बंद करायच्या आधी दोनदा बघता. दाराला कुलूप लावून परत ओढून बघणारे तुम्ही. तुम्हाला सगळं समोर मांडलेलं पाहिजे."

मी सर्द झालो, कारण कुलूप मी खरंच ओढून बघतो.

"आणि घरून भांडून आलात," त्या म्हणाल्या. "पहिल्या पेनड्राइव्हला तुम्ही वहिनींशी बोलत होता. माऊसशी बोलायला दुसऱ्यापासून लागलात."

सकाळी नळाला पाच दिवसांनी पाणी आलं होतं आणि मोटार लावायला मी विसरलो होतो, त्यावरून झालं होतं. मी विचारलं, "बाई, माऊसचा आवाज सगळ्यांचा सारखाच असतो ना?"

"आवाज सारखाच असतो, सर. त्याच्या आधीचा नसतो."

या वाक्याचा अर्थ मी विचारला नाही. मला तो नीटसा लागलाही नव्हता. पण त्यानंतर मी दुपारचा तिकडे जाऊ लागलो. निवृत्त माणसाला दुपार खायला उठते आणि वंदनालाही मी घराबाहेर असलेला बरा वाटायचा. एका कोपऱ्यात बसून चहा प्यायचा आणि येणाऱ्या माणसांची गंमत बघायची, हे माझं काम झालं.

गंमत होतीच. वैजापूरचे सोनवणे शेठ, कांद्याचे व्यापारी, आले तेव्हा केडीई बघून खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारायला लागले. खिडकी ओढली की ती जेलीसारखी हलायची, हे त्यांनी चाळीसदा करून बघितलं. "बाई, हे लईच भारी! अजून काही टाकता येतं का?" बाईंनी त्यांना पडद्यावर तीन घड्याळं, हवामान आणि मिचमिचे डोळे करणारं मांजर टाकून दिलं. शेठ पोराचं लग्न ठरल्याच्या आनंदात गेले. इंजिनीअरिंगची एक पोरगी आली, तिला माऊसच नको होता, सगळं बोटांवर हवं होतं. तिची बटणं ऐकताना बाई चक्क हसल्या आणि म्हणाल्या, "हिचं लई सरळ हाय." लोक जे मागत ते बाई देत. कुणाच्या पसंतीला नाक मुरडलेलं मी पाहिलं नाही.

पण कधी कधी, दहा-पंधरा माणसांमागे एखाद्याच्या वेळी, बाईंचा हात भाजीत थांबायचा. क्षणभरच. मग त्या त्या माणसाला हवी ती बैठक टाकून द्यायच्या आणि शिवाय त्यानं न मागितलेलं काहीतरी आत मांडून ठेवायच्या.

तहसीलमधून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून होते. त्यांना ऑफिसात होतं तसंच सगळं पाहिजे होतं, वर एक पट्टी, खाली एक पट्टी, राखाडी रंग. माते नावाच्या बैठकीवर ते खूश झाले. बाईंनी ते टाकून दिलं आणि पडद्याच्या मधोमध त्यांच्या बायकोचा फोटो मागवून लावला. फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'ही सुमन. तुमची बायको. स्वयंपाकघरात असेल.' कारकुनांची तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या बायकोचं नाव मला सांगता?" बाई म्हणाल्या, "नको असलं तर काढून टाका." त्यांनी आळसानं ते काढलं नाही. दीडएक वर्षानं त्यांचा मुलगा आला होता. म्हणाला, बाबा सकाळी अकराला शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसतात, फोटोखालचं वाचतात, आणि मग आईला हाक मारतात. ते वाचेपर्यंत आई घरात फिरत असली तर अनोळखी बाई समजून घाबरतात. हे सांगताना तो आभार मानत होता. बाई शेंगा सोलत होत्या, त्यांनी मान हलवली, पण तोंड वळवलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना, योगायोग असेल, असं मी स्वतःला सांगितलं. इतिहासाच्या मास्तरला एका पुराव्यावर निष्कर्ष काढायचा नसतो.

दुसरा पुरावा खुलताबादहून आला. शकील नावाचा पोरगा लग्नांचे फोटो काढायचा. देखणा, बोलका, बाईंना आपा म्हणायचा. त्याला नोम पाहिजे होतं, काळंभोर, मोकळं, मित्रांकडे बघितलं होतं तसं. तो माऊस फिरवत असताना बाईंचा हात थांबला. मी ते पाहिलं. बाईंनी त्याला त्याच्या पसंतीचंच टाकून दिलं, पण मग माऊस काढून घेतला आणि डोळे मिटायला लावून सगळं नुसत्या बटणांवर करायला लावलं. फाईल उघड, फाईल बंद कर, दहादा. शेवटी तीन बटणं दाखवली. ती एकदम दाबली की यंत्र पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायला लागायचं.

"क्या आपा, मैं अंधा हूँ क्या?" शकील हसत म्हणाला.

"असू दे रे. शिकून ठेव."

तो परत आला तेव्हा त्याचा हात भावाच्या खांद्यावर होता. उंबरा कुठे आहे ते त्यानं पायानं चाचपलं. दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटले होते. मुंबईपर्यंत जाऊन आले होते, उपयोग झाला नव्हता. बाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सवयीनं पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसल्या.

"आपा, तुम्हाला मालूम होतं," शकील म्हणाला.

बाईंनी पुढ्यातलं ताट जवळ ओढलं.

"डॉक्टर म्हणले, सहा महिने पहिले आणलं असतं तर एक डोळा वाचला असता. सहा महिने पहिले मी इथंच बसलेला होतो, आपा. ह्याच कुर्सीवर." त्याचा आवाज चढला नाही. "मशीन बोलतं माझ्याशी. हौ, रोज बोलतं. तुम्हीच नाय बोलल्या."

भावानं त्याला उठवलं. ते गेल्यावर मी बाईंच्या अंगावरच गेलो. असं कुणाशी मी शाळेतही बोललो नव्हतो. म्हटलं, तुम्हाला कळतं आणि तुम्ही गप्प बसता? ही कसली माणुसकी? एक शब्द बोलला असतात तर त्या पोराचा डोळा वाचला असता.

बाईंनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. भिंतीकडे बघतच त्या बोलल्या.

"वेरूळचा एक मास्तर होता, सर. दर शनिवारी जालन्याला भावाला ट्रंककॉल लावायचा. एका शनिवारी त्यानं फोन उचलला अन् 'हॅलो' म्हणायच्या आधी मला कळलं, ह्याचं काही बरोबर नाय. ऑपरेटरनं मधी बोलायचं नाय, असा नियम होता. मी बोलले. म्हणलं, गुरुजी, आजच्या आज दवाखान्यात जा. तो घाबरला. मिळाली त्या जीपनं शहराकडं निघाला. दौलताबादच्या घाटात जीप उलटली."

"पण त्याला आजार होताच ना?"

"कोण बघणार आता? मी ऐकलं ते त्याच्या छातीतलं होतं का घाटातलं, हेच मला आजवर कळलं नाय. बोलले नसते तर तो घरीच बसला असता." त्या थांबल्या. "तवापासून सांगत नाय. पुढं जे लागंल तेवढं मांडून ठेवते. त्यापलीकडं माझा हात जात नाय, सर."

मी चपला घालून निघालो.

मी पंधरा दिवस तिकडे फिरकलो नाही. पण एवढं मला समजलं होतं की बाईंचं न बोलणं वाचता येतं. त्यांनी यंत्रात न मागितलेलं काही घातलं तर समजावं की पुढे काहीतरी आहे, आणि त्यावरून काय आहे तेही ताडावं. काही घातलं नाही तर माणूस सुखरूप. मी हा हिशोब माझ्या लॅपटॉपवर लावून बघितला. चारदा सगळं उलटंपालटं करून बघितलं. काही नव्हतं. मला हलकं वाटलं आणि स्वतःची थोडी लाजही वाटली.

आणि मग वंदनानं उर्दू शिकायचं काढलं. अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेच्या कामातून ती त्या वर्षी मोकळी झाली होती. "जन्मभर या गावातल्या पाट्या बघतेय आणि मला वाचता येत नाहीत, म्हणजे काय?" असं म्हणून तिनं एका बाईंची शिकवणी लावली. आमच्या मुलीचा जुना लॅपटॉप घरात पडून होता. त्यावर उर्दू टाइप करायला पाहिजे होतं. मी टोलवत राहिलो. खरं सांगायचं तर मला तिला तिथे न्यायची भीती वाटत होती आणि न्यायचंही होतं. शकीलचे सहा महिने माझ्या डोक्यातून जात नव्हते. वंदनाचं काही असलंच तर ते मला आधी कळायला हवं होतं, म्हणजे धावपळ करता आली असती. मी ठरवायच्या आतच तिनं गायकेबाईंना परस्पर फोन केला.

दोघं गेलो. बाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वंदना खुर्चीवर बसली आणि लगेच गप्पा सुरू. शेंगा कुठून आणल्या, दाणे गोड आहेत का, भाचा कसा आहे. तिनं पहिला पेनड्राइव्ह लावला, तोच मोकळा, ज्याच्यावर मी खेकसलो होतो. ती माऊस फिरवू लागली. मी वंदनाकडे बघतच नव्हतो, मी बाईंच्या बोटांकडे बघत होतो.

बोटं थांबली. क्षणभर नाही, बराच वेळ. शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली. आणि मग जे मी कधी पाहिलं नव्हतं ते झालं. गायकेबाई वळल्या. पाटावरून अख्ख्या मागे वळून त्यांनी वंदनाच्या हाताकडे बघितलं. हात माऊसवर होता, चालत होता.

"किती मोकळं आहे हो हे!" वंदना म्हणाली. "घर आवरून पाहुणे जायच्या वेळेसारखं. मला हेच द्या. बाकीचे लावायलाच नकोत."

"वहिनींना आवडलं तेच," बाई म्हणाल्या.

त्यांनी नोम टाकून दिलं, उर्दूचा कीबोर्ड टाकून दिला, वंदनाला अलिफ-बे काढून दाखवायला लावलं. मी घरी आल्यावर तो लॅपटॉप रात्रभर चाळला. अक्षरं मोठी केलेली नव्हती. बोलणारी बटणं चालू करून ठेवलेली नव्हती. फोटो नाही, नावं नाहीत, डाव्या हातानं चालवायची सोय नाही, दवाखान्याचा नंबर नाही. काहीही नाही. उर्दू सोडलं तर एक टिंब जास्तीचं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. बाईंचा हात का थांबला, त्या का वळल्या, ते मी मनाआड केलं. दुसऱ्या दिवशी पाव किलो पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेलो.

बाईंनी बॉक्सकडे बघितलं. "कशाचे, सर?"

"असेच. वंदनाचं काही निघालं नाही ना, म्हणून."

त्यांनी पेढा घेतला नाही. मी हातात दिला तो त्यांनी ताटलीत ठेवला.

"तुम्हाला वाटतं तसं नाय ते, सर."

"म्हणजे काय? तुम्ही आत काहीच मांडलं नाही. मी सगळं बघितलंय."

"काय मांडू? मला काही ऐकूच आलं नाय."

फॅनचा आवाज येत होता. मी उभाच होतो.

"वहिनी माऊस चालवत होत्या. मला वाटलं, नुसत्या बघत बसल्यात. म्हणून मागं वळले. हात चालायलाय, बटण दबायलंय, अन् आवाज नाय. आधीचा पण नाय अन् नंतरचा पण नाय. त्या बोलत होत्या तेवढं ऐकू यायलं होतं. हाताचं नाय."

"असं कधी झालंय याआधी?"

बाई म्हणाल्या, "एकदा. घरून फोन आला होता एक्स्चेंजवर. बोर्डावर आमच्या घरचा दिवा लागला. मी हॅलो हॅलो करतेय, कुणी बोलंना. संध्याकाळी घरी आले तर हे म्हणले, एवढं बोललो, तू उत्तर का नाय दिलं?" त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं नाही. मीच बघितलं.

"मग? किती दिवसांनी?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. पण त्या एकदम उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "अहो सर, कान गेले असतील माझे. वय झालं की. तुम्ही कशाला मनावर घेता?"

मी ते घट्ट धरून ठेवलं. वंदनाच्या सगळ्या तपासण्या केल्या. रक्त, ईसीजी, सोनोग्राफी, जे डॉक्टर म्हणाले ते आणि जे म्हणाले नाहीत तेही. सगळं चांगलं निघालं. वंदना वैतागली. "मला काय झालंय? तुम्हालाच काहीतरी झालंय," म्हणाली. आणि तिकडे गायकेबाईंना खरोखरच ऐकू येईनासं झालं. हाक मारली तर तिसऱ्यांदा ओ द्यायच्या. टीव्ही रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. बोलताना हात कानामागे. लोक लॅपटॉप घेऊन आले तर म्हणायच्या, "बाबा, कान गेले आता, तुझं तूच निवड." मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं तर नको म्हणाल्या. वंदनाला त्यांची फार कीव यायची. ती डबा घेऊन जायची आणि ओरडून ओरडून त्यांच्याशी बोलायची. मला मात्र बाई बहिऱ्या झाल्याचा आनंद झाला होता. रोज देवापुढे उभा राहून मी एका विधवा म्हातारीचे कान पूर्ण जाऊ देत, असं मागत होतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पण कुलूप ओढून बघायची माझी खोड. महिनाभरानं एका दुपारी वंदना झोपली होती. मी तिच्या लॅपटॉपचा माऊस काढला, खिशात घातला आणि एन-नाईनला गेलो.

गल्लीत पाण्याचा टँकर उभा होता, त्याची मोटार धडधडत होती. पाइप आत घेतल्यानं बाईंचं गेट उघडंच होतं. मी चपला रस्त्यावरच काढल्या. शहाबादी फरशी तव्यासारखी तापली होती, पाय भाजत होते, तरी मी सावकाश गेलो. दार उघडं होतं. टीव्ही मोठ्यानं लागला होता. बाई खिडकीकडे तोंड करून पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात परातीत तांदूळ, खडे निवडणं चाललं होतं. माझी सावली मागे अंगणात पडली होती, त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. मी उंबऱ्याबाहेर थांबलो, खिशातून माऊस काढला आणि अंगठ्यानं त्याचं बटण एकदा दाबलं. त्या गोंगाटात तो आवाज मला स्वतःलाही आला नाही. नुसतं अंगठ्याला कळलं.

"वहिनींचा माऊस कशाला आणलात, सर?" बाई म्हणाल्या.

त्यांचा हात तांदळातून तसाच फिरत होता. दोन खडे त्यांनी बाजूला टाकले. मग हात थांबला. त्या हळूहळू वळल्या. त्यांनी माऊसकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपण काय बोलून गेलो ते त्यांना तेव्हा कळलं.

मग गायकेबाईंनी उजव्या हाताचा तळवा कानामागे धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. बहिरी माणसं बोलतात तशा त्या अगदी वरच्या आवाजात मला म्हणाल्या, "काय म्हणायलात, सर? जरा मोठ्यानं बोला की. मला काही ऐकू येत नाय."

मी मोठ्यानं म्हणालो, "काही नाही बाई. सहज आलो होतो."